ताल आधी पायात, मग वहीत

आता लहान मुलांच्या तालाकडे येऊ. आपण काय करतो? ५ वर्षांच्या मुलाला तीनतालाच्या १६ मात्रा पाठ करायला लावतो. चुकलं, की म्हणतो, ‘याला तालच नाही.’ हा शिक्का बसला, की मूल गप्प होतं; कित्येकदा कायमचं.

एमिल जाक-डालक्रोझ (१८६५–१९५०) जिनिव्हाच्या संगीतशाळेत हार्मनी शिकवत. त्यांच्या लक्षात आलं, की विद्यार्थी कागदावर बरोबर लिहितात, पण लिहिलेलं त्यांना मनात ऐकूच येत नाही. म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांना संगीताबरोबर चालायला लावलं.

आपल्याकडे हे सहज जमतं. मुलांना गोलात उभं करा, तबल्यावर संथ ठेका धरा. दर मात्रेला एक पाऊल. आता गंमत बघा. नेहमीच्या ठेक्यात १० ते १३ या मात्रांना डग्ग्याचा घुमारा नसतो. ‘धिं’चं ‘तिं’ होतं. मुलांना एवढंच सांगायचं : घुमारा गेला की वाकून चाला, आला की ताठ व्हा. मोजायचं नाही, ऐकायचं. घुमारा १४व्या मात्रेला परततो आणि तिथून सम ३ मात्रांवर. म्हणजे मूल ताठ होतं, तेच समेच्या तयारीनं!

हे अंगात भिनलं, की मग १, ५ आणि १३ला टाळी, ९ला खाली. वही त्याच्याही नंतर.

ज्याला आपण बेताल म्हणतो, त्याला आधी नुसतं ऐकू दिलं होतं का? हे आपण शिक्षकांनी स्वतःला विचारायला हवं.