जिन्यातील छोटी पेटी

गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. वय ७६, रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही. हातात गृहनिर्माण संस्थेची नोटीस. इमारतीत मोबाइलची रेंज मिळत नसल्याने दूरसंचार कंपनी प्रत्येक मजल्यावर जिन्याच्या छताला छोटी केंद्रे बसवणार होती. हरकत असल्यास कळवावे, असे त्यात म्हटले होते.

"डॉक्टर, गच्चीवर टॉवर आम्ही येऊ दिला नाही. आता तो थेट दारात येतोय. सही करू की नको?"

वाचकहो, टॉवर जितका जवळ तितका धोका अधिक, हा आपला सर्वसाधारण समज. येथे मात्र हिशेब उलटा आहे. दूरच्या माणसाशी बोलताना आपण आवाज चढवतो, जवळच्याशी हळू बोलतो. मोबाइलचेही तसेच असते. केंद्र दूर असेल, मध्ये काँक्रीटच्या भिंती असतील, तर फोन आपली पूर्ण शक्ती पणाला लावतो. फोर-जी फोनची ही कमाल शक्ती साधारण २०० मिलिवॅट असते. केंद्र जवळ असेल तर तो तिच्या लहानशा अंशावर भागवतो. रेंज नसलेल्या घरात फोनची बॅटरी भराभर उतरते, हा अनुभव आपणही घेतला असेल. त्याचे एक कारण हेच.

घरगुती वापराच्या छोट्या केंद्राची शक्ती १०० मिलिवॅटपर्यंत असते. जिन्यात बसवायचे केंद्र काहीसे अधिक शक्तीचे असू शकते. परंतु ते छताला असते आणि फोन कानाला चिकटलेला. अंतर दुप्पट झाले की लहरींची तीव्रता मोकळ्या जागेत चौथाईवर येते. म्हणजे आपल्या शरीरात शिरणाऱ्या लहरींचा मोठा वाटा हातातल्या फोनचाच. (पेटीला घाबरणाऱ्या घरांतूनच मुले उशीखाली फोन ठेवून झोपतात, हेही मी पाहतो.)

या लहरी क्ष-किरणांसारख्या पेशींतील रेणू फोडणाऱ्या नव्हेत. २०११ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्यांना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात ठेवले, हे मी लपवणार नाही. पुरावा मर्यादित असला, तरी निष्काळजीपणाही नको, असा त्याचा अर्थ मी घेतो. भारताने २०१२ पासून मोबाइल केंद्रांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा लागू केली. कंपनीकडून तिच्या पालनाचे प्रमाणपत्र संस्थेने अवश्य मागावे.

मी सरांना दीड वर्षापूर्वीच्या पहाटेची आठवण करून दिली. बाई स्नानगृहात कोसळल्या, तोंड वाकडे झाले, उजवा हात उचलेना. घरातून १०८ ला फोन लागेना. सर गुडघेदुखी विसरून तीन जिने उतरले, फाटकापाशी जाऊन फोन केला. त्यात वीस मिनिटे गेली. मेंदूतील गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांतच देता येते, आणि त्यातही प्रत्येक मिनिट मोलाचे. बाई वाचल्या, पण उजव्या हाताची मूठ अजून पुरती वळत नाही. त्या वीस मिनिटांमुळेच असे झाले, हे मला सिद्ध करता येणार नाही. पण घरात रेंज नसणे हीसुद्धा आरोग्याची बाब आहे, असे माझे मत त्या दिवसापासून झाले.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. बाजारात मिळणारे स्वस्त 'बूस्टर' परस्पर आणून लावू नयेत. परवान्याशिवाय ते वापरणे बेकायदा आहे आणि त्याने शेजाऱ्यांचेच नव्हे, परिसराचे नेटवर्क बिघडते. दुसरे, वीज गेली की ही पेटीही बंद पडते. म्हणून तिला इन्व्हर्टरची जोड आहे ना, हे विचारावे. घरात ब्रॉडबँड असल्यास फोनमधील 'वाय-फाय कॉलिंग' सुरू करून पाहावे. कित्येकदा तेवढ्यानेच काम भागते.

सरांनी सही केली. त्यांना मी एवढेच सांगितले, की पेटी बसली की स्नानगृहात जा, दार लावा आणि तेथून मुलाला एक फोन करून पाहा.