मशीनसुद्धा धुवावं लागतं

कार्ले, वेहेरगाव, मळवली या पट्ट्यात पाऊस धरला की चार-चार दिवस ऊन दिसत नाही. वर्षावासात विहारात जायची पांढरी साडी दोरीवरच कुबटते. याच दिवसांत नायटा आणि खाजेच्या तक्रारी वाढतात. बायका विचारतात, "ताई, कपडे तर मशीनमध्ये धुते, मग खाज का जात नाही?" त्यावर माझा पहिला प्रश्न असतो, मशीन शेवटचं कधी धुतलं?

रोज साबणाचं पाणी फिरतं म्हणून मशीन स्वच्छ राहतं, हा समज चुकीचा आहे. आपण गार पाणी वापरतो आणि पावडर हात सोडून टाकतो. न विरघळलेली पावडर, अंगाचा तेलकट मळ आणि कपड्यांचे तंतू टबाखाली व पाइपात चिकटतात. वर झाकण बंद. त्या ओलीत जंतू आणि बुरशी वाढते. मशीनचा कुबट वास त्याचाच.

सफाई करण्याआधी प्लग काढा. मग एवढं करा:

• प्रत्येक धुण्यानंतर पाणी पूर्ण सोडा, टब कोरड्या फडक्याने पुसा आणि झाकण उघडं ठेवा. पुढून दार असलेल्या मशीनच्या रबराची घडी उलटून पुसा. घरात लहान मूल असेल तर दाराकडे लक्ष ठेवा.

• आठवड्यातून एकदा तंतू साठणारी जाळी काढून जुन्या ब्रशने घासा.

• महिन्यातून एकदा टबात हाताला सोसेल इतकं गरम पाणी आणि तीन-चार चमचे लिंबू सत्व घालून, प्लग लावून, कपड्यांशिवाय मशीन फिरवा. अर्धा तास तसंच ठेवून पाणी सोडा. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षारही याने सुटतो. उकळतं पाणी ओतू नका, प्लास्टिक आणि रबर खराब होतं.

• काळी बुरशी दिसत असेल तर दुसऱ्या दिवशी गार पाण्यात अर्धा कप ब्लीच घालून फिरवा आणि दोनदा साध्या पाण्याने धुवा. ब्लीच आणि लिंबू सत्व किंवा व्हिनेगर कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

घरात कुणाला नायटा असेल तर त्याचे टॉवेल, आतले कपडे आणि चादर वेगळी धुवा. बुरशी मारायला पाणी साधारण ६० अंश गरम लागतं, म्हणून हे कपडे आधी बादलीत कडक पाण्यात भिजवा. ऊन नसेल तर पंख्याखाली वाळवून गरम इस्त्री फिरवा. ओलसर कपडे घालू नका. दुकानातून स्वतःच्या मनाने मलम आणू नका. स्टेरॉइड असलेल्या मलमाने खाज थांबते, पण नायटा आत पसरतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा आणि सांगितलेले सगळे दिवस औषध घ्या.

शेवटची गोष्ट जिवाची आहे. मशीनला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर लगेच मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. तीन पिनांचा प्लग, चांगली अर्थिंग आणि ईएलसीबी हवीच. मशीन ओल्या फरशीवर नको, स्टँडवर ठेवा. ओल्या हाताने बटण दाबू नका. स्पिनर पूर्ण थांबल्याशिवाय आत हात घालू नका.

महिन्यातला हा एक तास फक्त बाईच्या वाट्याला का यावा? कपडे सगळ्यांचे आहेत. एका महिन्यात मुलाने मशीन धुवावं, पुढच्या महिन्यात त्याच्या बापाने.