आधी झाडू, मग अपडेट!

सुट्टी मिळाली की पुण्या-मुंबईतली मूर्तिजापूरची मंडळी गाडी पकडतात. आईच्या हातचं जेवण, जुने मित्र, निवांत झोप... प्लॅन एकदम फक्कड! पण घरात पाऊल टाकताच बाबा म्हणतात, ‘बरं झालं तू आला. हा कम्प्युटर लय स्लो चालून रायला, पाह्य बरं जरा!’ तुम्ही बँकेत असा नाहीतर एचआरमध्ये, घरच्यांसाठी तुम्हीच ‘कम्प्युटरवाले’.

पण हे काम हसण्यावारी नेऊ नका. त्या पीसीत बाबांचं नेटबँकिंग आहे, पेन्शनचे कागद आहेत, सातबाऱ्याच्या पीडीएफ आहेत. आणि ताईच्या लग्नाचे फोटो, ज्यांची दुसरी कॉपी कुठेच नाही! म्हणून पहिला नियम: काहीही डिलीट किंवा अपडेट करण्याआधी हे सगळं एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घ्या.

झाडू कुठे मारायचा?

गाडगेबाबांचं बालपण याच तालुक्यातल्या दापुऱ्यात गेलं. गावात शिरले की आधी झाडू, कीर्तन नंतर. इथेही क्रम तोच. अपडेटला डिस्कवर जागा लागते. सी ड्राइव्ह गच्च भरला असेल तर अपडेट मध्येच अडकतो.

सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग स्टोरेज. टेम्पररी फाइल्स बिनधास्त उडवा. रिसायकल बिन आधी उघडून बघा, मग रिकामी करा. डाउनलोड्सवर टिक करताना मात्र थांबा! घरच्यांची निम्मी कागदपत्रं तिथेच पडलेली असतात. ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ कित्येक जीबी अडवतं, पण ते काढलं की जुन्या व्हर्जनवर परतायची वाट बंद होते. नवीन व्हर्जन नीट चालतंय ना, हे बघूनच त्याला हात लावा.

आणि ‘एका क्लिकमध्ये पीसी सुसाट’ म्हणणारे फुकटचे क्लीनर? नकोच. 2017 मध्ये सीक्लीनर या जगप्रसिद्ध प्रोग्रॅमच्या एका व्हर्जनमध्येच हॅकर्सनी व्हायरस घुसवला होता. विंडोजचा स्वतःचा झाडू पुरेसा आहे.

‘रिमाइंड मी लेटर’ची किंमत

14 मार्च 2017 ला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भगदाड बुजवणारा अपडेट दिला. लाखो लोकांनी तो पुढे ढकलला. 12 मे रोजी ‘वॉनाक्राय’ त्याच भगदाडातून शिरला आणि सुमारे दीडशे देशांत फाइल्स लॉक करून खंडणी मागू लागला. 27 जूनला आलेल्या ‘नॉटपेट्या’नेही पसरण्यासाठी तेच भगदाड वापरलं. त्या तडाख्यात मर्स्क ही बलाढ्य शिपिंग कंपनी सापडली आणि आपल्या जेएनपीटीतल्या तिच्या टर्मिनलचं काम विस्कळीत झालं.

अर्थात, अपडेटही कधी गोंधळ घालतो. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे 85 लाख कम्प्युटर बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. म्हणूनच फंडा सोपा आहे. सिक्युरिटी अपडेट लगेच घ्या, अख्खं नवीन व्हर्जन दोन-तीन आठवडे थांबून. आणि दोन्ही वेळा बॅकअप आधी!

‘चालून रायलं ना, मंग?’

बाबांचा हा सवाल ठरलेला. मूर्तिजापूर-यवतमाळ लाइनवर शकुंतलेचं मँचेस्टरहून आलेलं वाफेचं इंजिन 1923 पासून 1994 पर्यंत धावलंच की! खरंय, पण त्या इंजिनात इंटरनेटवरून चोर शिरत नव्हता. विंडोज 10 चा नेहमीचा फुकट सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. मशीन चालत राहतं, फक्त नवी भगदाडं कोणी बुजवत नाही. घरच्यांसाठीची वाढीव मुदत 2024 मध्ये जाहीर झाली तीसुद्धा 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतचीच. पीसीत टीपीएम 2.0 आणि विंडोज 11 चालेल असा प्रोसेसर असेल तर विंडोज 11 टाका. नसेल तर त्या मशीनवर नेटबँकिंग नको, हे बाबांना प्रेमाने पटवा.

शेवटचं, पण वऱ्हाडात फार महत्त्वाचं: लाइट! अपडेट चालू असताना वीज गेली तर विंडोजच बिघडू शकतं. पीसी यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर आहे ना, ते तपासा. लॅपटॉप असेल तर फुल चार्ज. आणि निघण्यापूर्वी आईबाबांना एवढं सांगून ठेवा: स्क्रीनवर टक्के फिरत असले की बटण दाबायचं नाही.