मणक्यातील मळसूत्र

भिंतीत रुतलेला खिळा काढावयाचा झाल्यास आपण तो सरळ ओढत नाही. आधी वर-खाली हलवून त्याचे भोक सैल करतो. घसरलेला वा मोडलेला मणका शेजारच्या मणक्याशी बांधून ठेवणाऱ्या स्क्रूचा शत्रूही हाच. रुग्ण उठतो, वाकतो, जिना चढतो, तेव्हा स्क्रूला दर वेळी सूक्ष्म हेलकावा बसतो. असे लाखो हेलकावे सोसून तो जागेवर राहील की नाही, हे धातूपेक्षा हाडावर अधिक अवलंबून असते.

अमेरिकेतील ह्यूस्टनचे डॉ. पॉल हॅरिंग्टन यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत कण्याच्या मागील बाजूस आकडे अडकवून त्यांत धातूची दांडी बसविली जाई. वाकडा कणा तिने पुष्कळसा सरळ होई. पकड मात्र केवळ पाठीमागची. पॅरिसमध्ये डॉ. रेमाँ रॉय-कामीय यांनी १९६३ पासून निराळी वाट चोखाळली. मणक्याचा पुढील गोल भाग आणि मागील कमान यांना जोडणारे दोन आखूड, टणक देठ असतात. त्यांना पेडिकल म्हणतात. त्यांतून स्क्रू पुढील भागापर्यंत नेला की अख्खा मणका मुठीत येतो. पण ही वाट फार अरुंद. छातीच्या मधल्या मणक्यांत तिची रुंदी अनेकदा जेमतेम ४ ते ५ मिलिमीटर, आणि लगतच मज्जारज्जू!

स्क्रूच्या पकडीत सुमारे ६० टक्के वाटा या देठाचा असतो, असे प्रयोगांत आढळले आहे. आट्यांचा बाहेरील व्यास जितका मोठा, तितकी पकड घट्ट. स्क्रू वाकू वा मोडू नये म्हणून मात्र आतला गाभा जाड हवा. ही ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. गाभा ४ मिलिमीटरचा ५ केला, तर ती जवळजवळ दुप्पट होते. आटे खोल करावेत तर गाभा बारीक होतो. दोन्ही हातांत लाडू येथे मिळत नाहीत.

खरी कसोटी लागते ती उतारवयात. सागवानात घट्ट बसणारा स्क्रू वाळवीने पोखरलेल्या लाकडात फिरतच राहतो, हे कोणताही सुतार सांगेल. ऑस्टिओपोरोसिसने हाड विरळ झालेल्या रुग्णाची गत तीच. अशा वेळी शल्यचिकित्सक भोक मुद्दाम किंचित लहान पाडतात, जाड स्क्रू निवडतात, किंवा हाडात विशिष्ट सिमेंट भरतात. सिमेंटने पकड पुष्कळ वाढते, परंतु ते रक्तवाहिनीत वा मज्जारज्जूच्या पोकळीत झिरपण्याचा धोका असतो. म्हणून वृद्धांनी शस्त्रक्रियेपूर्वीच हाडांची घनता मोजणारी डेक्सा चाचणी करून घेणे शहाणपणाचे.

एवढे करूनही स्क्रूची नेमणूक हंगामीच. दोन मणक्यांच्या मध्ये रोपलेले हाड सांधून एकजीव होण्यास काही महिने लागतात. तोवर भार स्क्रूने वाहावयाचा. सांधा जुळलाच नाही, तर उत्तम टिटॅनियमही कालांतराने थकून मोडते. त्यामुळे नंतर काढलेल्या एक्स-रेमध्ये डॉक्टर स्क्रूभोवतालची जागा विशेष निरखून पाहतात. तेथे काळसर कडे दिसले, तर पकड सुटू लागल्याचा संशय घेतात.