कर्जाचा हप्ता आणि भूमितीय श्रेढी

गृहकर्जाचा मासिक हप्ता ठरतो तो भूमितीय श्रेढीच्या बेरजेने. शाळेत अनेकांना निरुपयोगी वाटलेले हे सूत्र पुढे वीस वर्षे घरखर्चात ठाण मांडून बसते.

समजा, 20 लाखांचे कर्ज 9 टक्के दराने 20 वर्षांसाठी घेतले. हप्ता साधारण 17,995 रुपये येतो. पहिल्या महिन्याचे व्याजच 15,000 रुपये. म्हणजे मुद्दल फिटते जेमतेम तीन हजारांनी. व्याज नेहमी शिल्लक रकमेवर लागत असल्याने सुरुवातीला मुद्दल हलता हलत नाही. 14 वर्षे नियमित हप्ते भरूनही निम्मे मुद्दल अजून डोक्यावर असते! एकूण परतफेड 43 लाखांवर जाते. मुदत 15 वर्षे केली, तर हप्ता सुमारे 2,300 रुपयांनी वाढतो, पण साडेसहा लाखांहून अधिक रक्कम वाचते. मोबाइलवरचे गणकयंत्र हप्ता सांगते खरे. मुदत बदलून पाहावी, हे मात्र श्रेढी समजलेल्यालाच सुचते.

लॉगॅरिदमचेही तसेच. 72 ला व्याजदराने भागले की रक्कम दुप्पट व्हायला लागणारी वर्षे अंदाजे मिळतात: 9 टक्क्यांना 8 वर्षे. हा आडाखा 2 च्या नैसर्गिक लॉगॅरिदममधून, म्हणजे 0.693 मधून निघतो. भागाकार सोपा जावा म्हणून 72 घेतात.

कलनशास्त्राचा असा थेट उपयोग मात्र मुख्यतः अभियंते, संशोधक, विमागणिती अशांनाच होतो. बहुतेकांना बारावीनंतर एकही संकलन सोडवावे लागत नाही.