पाहुण्या पोवळ्याचा पहिला महिना

माझा भाचा शारजात नोकरीला असतो. गेल्या हिवाळ्यात एका रात्री त्याचा व्हिडिओ कॉल आला. "मामू, घरी पाहुणा आलाय," म्हणाला. मला वाटले, गोड बातमी असेल. त्याने फोन फिरवला, तर समोर काचेची टाकी, निळसर उजेड आणि पाण्यावर तरंगणारी प्लास्टिकची पिशवी. पिशवीत अंगठ्याएवढा जांभळट तुकडा. जिवंत प्रवाळ! आपण ज्याला पोवळे म्हणतो, त्याचाच दूरचा भाऊबंद.

पाणचक्कीच्या हौदातले मासे बघत वाढलेल्या माणसाला समुद्राचे काय कळणार? आमच्या शहरापासून मुंबईचा किनारा तीनशे किलोमीटरहून लांब. शब्द मात्र ओळखीचा होता. मराठीत नवरत्नांतले पोवळे, उर्दू-अरबीत मरजान. सूरह रहमानमध्ये तो मोत्याच्या जोडीने येतो. पण अंगठीतला तो लाल खडा मुळात एका प्राण्याने बांधलेला सांगाडा असतो, हे बी.ए. होईपर्यंत मला कुणी सांगितले नव्हते.

प्रवाळ हे झाड नव्हे आणि दगडही नव्हे. इवल्याशा, तोंडाभोवती मिशा असलेल्या असंख्य प्राण्यांची ती चाळ असते. या प्राण्याला पॉलिप म्हणतात. समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन तो आपल्या बुडाशी घर बांधत जातो. उथळ पाण्यातल्या बहुतेक प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते उजेडावर साखर तयार करते आणि भाड्यापोटी तिचा मोठा वाटा घरमालकाला देते. प्रवाळाचे रंगही बरेचसे या भाडेकरूमुळे. पाणी फार तापले किंवा उजेड एकदम वाढला, की हेच शैवाल अपायकारक द्रव्ये सोडू लागते. मग प्रवाळ त्याला बाहेर काढतो आणि पांढराफटक पडतो. भाडेकरू वेळेत परतला नाही, तर घरमालक उपाशी मरतो.

आता भाच्याच्या टाकीकडे येऊ. पिशवी त्याने वीसेक मिनिटे नुसती तरंगत ठेवली होती, आतल्या-बाहेरच्या पाण्याची ऊब सारखी व्हावी म्हणून. टाकीत २५ अंश सेल्सिअसच्या आसपास. नंतर तुकडा पिशवीतल्या पाण्यासकट एका भांड्यात घेतला आणि बारीक नळीला गाठ मारून टाकीचे पाणी त्यात थेंब थेंब सोडले. जवळजवळ तासभर. मी वैतागून म्हणालो, "अरे, ओत ना एकदाच!" तो म्हणाला, "मामू, त्याला कातडी म्हणावी अशी नसतेच." समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पिशवीतल्या पाण्यात ते कमी-जास्त असतील, तर झटक्यात बदललेल्या पाण्याने त्याच्या पेशी फुगतात नाहीतर आक्रसतात. मासा काही प्रमाणात सावरून घेतो. प्रवाळाला ते जमत नाही.

मग आंघोळ. आयोडीनच्या सौम्य द्रावणात पाच-दहा मिनिटे बुडवून हलवले, की अंगावर लपलेले चपटे किडे आणि प्रवाळ खाणाऱ्या गोगलगायी सुटून पडतात. त्यांची अंडी मात्र या औषधाला दाद देत नाहीत. म्हणून खालचा जुना चकतीचा तुकडाच तोडून फेकायचा. पिशवीतले पाणीही टाकीत जाऊ द्यायचे नाही. जाणते लोक तर नवा तुकडा काही आठवडे वेगळ्या छोट्या टाकीतच ठेवतात.

मला सगळ्यात आवडली ती जागा देण्याची रीत. दुकानातला हा तुकडा कमी उजेडात होता, म्हणून त्याला आधी तळाशी, वाळूजवळ ठेवायचे. दोन-तीन आठवड्यांत एकेक पायरी वर सरकवायचे. आपल्याकडे नव्या सुनेला पहिल्याच दिवशी चुलीपुढे बसवत नसत, असे आजी सांगायची, तसेच काहीसे. पाण्याची धार थेट अंगावर येऊ नये, पण हालचाल हवी, नाहीतर अंगावरचा चिकट पदार्थ साचून सडतो. शेजाऱ्यापासून चार बोटे अंतर हवे, कारण रात्री काही प्रवाळ लांबलचक दंश करणाऱ्या मिशा सोडून शेजाऱ्याला भाजून काढतात. इतकी सुंदर वस्ती आणि भांडणे आपल्याच गल्लीसारखी! शेवटी ठरलेल्या जागी घट्ट बनवलेल्या सुपरग्लूने चिकटवायचे आणि हात मागे घ्यायचा. नवखे लोक रोज जागा बदलतात, रोज पाण्यात काहीतरी ओततात, आणि त्यातच तो मरतो, असे भाच्याचे मत.

एवढे सोपस्कार का, याचे उत्तर मला नंतर वाचनात मिळाले. समुद्रात प्रवाळाचे पिल्लू तांदळाच्या कणीहून लहान असते. ते पाण्यावर तरंगत जाते आणि तळाशी उतरून जागा तपासते. विशिष्ट लालसर, चुनखडी शैवालाचा थर सापडला, की तिथे टेकते. ही निवड ते आयुष्यात एकदाच करते. नंतर ऊन, भरती, गाळ, शेजार, जे असेल ते सोसायचे. आपण त्याला उचलतो तेव्हा ती निवड आपण हिरावून घेतलेली असते. थेंब थेंब पाणी आणि पायरी पायरी उजेड ही तिचीच भरपाई.

भाचा म्हणाला, "ईदला येताना तुमच्यासाठी एक आणतो." मी हरखलो. नातवंडांना काय मजा वाटेल! मग हिशेब मांडला. आमच्या शहरात नळाला पाणी येते ते काही दिवसांआड, तेही क्षारांचे. प्रवाळाला आरओचे निव्वळ पाणी लागते, त्यात मोजून मीठ. मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे, म्हणजे पाणी गार करणारे यंत्र आले. वीज चार तास गेली, पंप थांबला, की पाण्यातला प्राणवायू संपत जातो. टाकी भरल्यावरही महिना-दीड महिना रिकामी चालवावी लागते. अमोनिया पचवणारे जिवाणू आधी रुजावे लागतात.

हे सारे कदाचित जमवलेही असते. बेत मोडला तो कायद्याने. आपल्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ साली सगळी दगडी प्रवाळे, काळी प्रवाळे आणि समुद्रपंखे पहिल्या अनुसूचीत घातली गेली. म्हणजे वाघाच्या पंक्तीला. काही मऊ प्रवाळे त्या यादीत नावाने नाहीत आणि विकणारे त्याचाच आधार घेतात. पण शोकेसमध्ये ठेवायला मिळणारा दगडी प्रवाळाचा पांढरा सांगाडाही कायद्याच्या कचाट्यात येतो, हे घेणाऱ्याला ठाऊक नसते. परदेशातून दगडी प्रवाळ आणायचा तर आंतरराष्ट्रीय कराराची परवानगी लागते. भाच्याचा तुकडा टाकीतच वाढवलेल्या मोठ्या प्रवाळातून कापलेला होता, समुद्रातून ओरबाडलेला नव्हता. तरी बॅगेत घालून आणता येत नाही. मी त्याला नको म्हणालो. थोडा रुसला.

पण आपल्याकडेही प्रवाळांना नव्या जागी बसवले गेले आहे, थेट समुद्रात. मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या १८ वसाहती २०२० साली हलवण्यात आल्या. काम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली झाले. हाजी अलीच्या वसाहती त्याच परिसरात ठेवल्या, वरळीच्या कुलाब्याच्या नेव्हीनगरकडे नेल्या. तत्त्व भाच्याच्या टाकीतलेच: आधीसारखा उजेड, आधीसारखी भरती-ओहोटी, आधीसारखे पाणी. तमिळनाडूत मन्नारच्या आखातात तर २००२पासून सिमेंटच्या चौकटींवर तुकडे बांधून उजाड झालेले तळ पुन्हा वसवले जात आहेत. या दोन कामांना मी एका मापाने मोजत नाही. मन्नारला मोडलेले घर पुन्हा उभारणे आहे. मुंबईला भाडेकरूला दुसरीकडे बसवून वाडा पाडणे होते. हलवलेल्या १८ वसाहती जगल्या तरी जिथे पुढची पिल्ले उतरली असती तो खडक परत येत नाही.

लहानपणापासून हाजी अलीला कितीदा गेलो असेन. ओहोटीला वाटेच्या दोन्ही बाजूंचे खडक उघडे पडतात, आपण नजर वर ठेवून दर्ग्याकडे चालतो. तिथली प्रवाळे चित्रातल्यासारखी रंगीत नसतात. मातकट, खरबरीत, नाण्याएवढा ठिपका. गढूळ पाण्यात, शहराच्या सांडपाण्यात ती टिकून आहेत. मागच्या खेपेला मी वाकून बराच वेळ शोधले. एक पोलीसदादा येऊन विचारून गेला, "काय हरवलंय का, चाचा?"

भाच्याचा परवा फोन आला होता. तुकडा आता मधल्या पायरीवर आहे. बुडाशी गोंदाच्या कडेवरून एक पातळ जांभळी किनार दगडावर उतरली आहे, नखाच्या अर्ध्याएवढी. "धरलं त्याने, मामू," म्हणाला, आणि दिवा मालवून टाकी अंधारात दाखवली.