सोयगावची काचपट्टी

अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी वसलेले सोयगाव कागदोपत्री छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडते. परंतु तेथील शेतकऱ्याचा, विद्यार्थ्याचा आणि रुग्णाचा ओढा बहुधा पाचोरा-जळगावकडे असतो. जिल्ह्याच्या ठिकाणी जावयाचे तर घाट चढून सुमारे शंभर किलोमीटरची वाट तुडवावी लागते. याच तालुक्यातील लेणी पाहावयास जगभरातून माणसे फर्दापूरला येतात. मात्र बनोटीच्या किंवा सावळदबाऱ्याच्या एखाद्या मुलाला उद्या उपचारासाठी मुंबईच्या परळपर्यंत जावे लागले, तर त्या प्रवासाची सुरुवात कोठून आणि कधी व्हावी, याचा विचार फारसा कोणी केलेला नसतो. रक्ताच्या कर्करोगाच्या बाबतीत हा विचार करणे अगत्याचे झाले आहे. कारण मुंबईतील संशोधनाने या रोगाचे निदान आणि त्याचे भवितव्य वर्तविण्याचे शास्त्र कितीही पुढे नेले, तरी मुलाच्या वाट्याला त्यातले किती येणार हे पुष्कळदा गावातल्या पहिल्या दोन-चार आठवड्यांत ठरून जाते.

समजा, आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा आहे. पंधरा दिवस त्याच्या अंगात बारीक ताप आहे, चेहरा फिकट पडला आहे. रात्री पायाची हाडे दुखतात म्हणून तो रडतो. दंडावर, मांड्यांवर मार न लागताच निळसर डाग दिसतात. दात घासताना हिरड्यांतून रक्त येते. दिवस कापूस वेचणीचे. आईबापांना दोन दिवसांचा खाडा परवडत नाही. प्रथम हिवताप म्हणून औषध होते, मग विषमज्वर म्हणून. मग ‘अंगात रक्त कमी आहे’ म्हणून लोहाच्या गोळ्या आणि टॉनिक. यात डॉक्टरांचा फार मोठा दोष आहे असे म्हणता येणार नाही. शंभरांतील नव्याण्णव मुलांचा ताप साधा ताप असतो, आणि रोज पन्नास रुग्ण तपासणाऱ्या माणसाला शंभरावे मूल वेगळे दिसेलच असे नाही.

पण पुढच्या पायरीवर मात्र खरा घात होतो. ताप हटत नाही म्हणून कोणीतरी स्टेरॉइडचे इंजेक्शन देतो आणि मूल दोन दिवसांत खेळू लागते. घरात आनंद होतो. वस्तुतः स्टेरॉइड हे लहान मुलांच्या सर्वांत सामान्य रक्तकर्करोगावरील उपचारांतलेच एक औषध आहे. त्याने रोगट पेशी काही दिवस विरघळतात, रोग मात्र जात नाही. निदानाच्या खुणा तेवढ्या पुसट होतात, अस्थिमज्जेची तपासणीही चकवा देऊ शकते, आणि रोग परत उसळतो तेव्हा मौल्यवान आठवडे हातचे गेलेले असतात.

नाव एक, रोग अनेक

रक्ताचा कर्करोग म्हटले की आपल्या समाजात अजूनही श्रद्धांजलीचा सूर लागतो. १९७१ साली आलेल्या ‘आनंद’ चित्रपटाचा हसतमुख नायक लसिकापेशींच्या कर्करोगाने जातो. त्या पिढीच्या मनात या रोगाचे जे चित्र उमटले ते पुढेही पुसले गेले नाही. त्या काळी ते चित्र खोटेही नव्हते. आज मात्र ते अपुरे आहे, कारण ‘रक्ताचा कर्करोग’ हे एका रोगाचे नाव उरलेले नाही.

जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो याने १८४७ साली या व्याधीला ‘ल्युकेमिया’, म्हणजे पांढरे रक्त, असे नाव दिले. त्यानंतर शतकभर डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून पेशींचे रूप पाहून त्यांची वर्गवारी करीत राहिले. १९६० साली अमेरिकेतील पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना रक्तकर्करोगाच्या एका जुनाट प्रकारात एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड आढळले. १९७३ साली जॅनेट रावली यांनी दाखवून दिले की, हे गुणसूत्र नुसते तुटलेले नसून नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे अदलाबदल केलेले आहेत. ही चूक नेमकी कळली म्हणूनच तिच्यावर नेमके बोट ठेवणारी इमॅटिनिबची गोळी निघाली. २००१ साली तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. जो प्रकार पूर्वी काही वर्षांत माणसाला नेत असे, तो असलेले बहुसंख्य रुग्ण आज रोज गोळी घेऊन नोकरी करतात, संसार करतात. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या सुधारित रूपावरील पेटंटचा दावा फेटाळला, आणि भारतीय बनावटीच्या स्वस्त गोळीचा मार्ग निर्वेध झाला.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. पंधराव्या आणि सतराव्या गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून होणारा तीव्र रक्तकर्करोग पहिल्या काही दिवसांतच रक्तस्रावाने माणसाला मारतो. पण तो वेळीच ओळखला आणि ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातील एक औषध व आर्सेनिक यांची जोडी मिळाली, तर ते पहिले दिवस पार करणाऱ्यांपैकी बहुतेक जण पूर्ण बरे होतात. एकाच रोगाचे एक टोक तत्काळ मृत्यूचे आणि दुसरे जवळजवळ हमखास बरे होण्याचे. दोहोंमध्ये अंतर आहे ते केवळ वेळेवर झालेल्या निदानाचे. आणि त्याचा पहिला सुगावा लागण्यास कोट्यवधीचे यंत्र लागत नाही. काचपट्टीवरील पेशीत काडीसारख्या कणांच्या मोळ्या दिसल्या, तर जाणकार डोळा तेथेच सावध होतो.

भवितव्य वर्तविण्याचे शास्त्र

निदानानंतर आईबापांचा पहिला प्रश्न असतो, ‘पोर वाचेल ना?’ या प्रश्नाला आकड्यांच्या आधाराने उत्तर देण्याचा प्रयत्न म्हणजे रोगाचे भवितव्य वर्तविण्याचे शास्त्र. परदेशातील आकडे आपल्या मुलांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हे आपल्याकडील धुरीणांनी लवकर ओळखले. १९४१ साली परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्राचा पाया डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी घातला; १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. त्याच केंद्रात डॉ. कमल रणदिवे यांनी पेशी प्रयोगशाळेत वाढविण्याचे काम उभे केले. १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी याच रुग्णालयात देशातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले.

त्याच दशकात मुंबई, मद्रास आणि दिल्ली येथील तीन संस्थांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या साहाय्याने ‘एमसीपी ८४१’ नावाची एकच उपचारपद्धती अवलंबून मुलांच्या तीव्र लसिकापेशी रक्तकर्करोगाच्या नोंदी ठेवण्यास प्रारंभ केला. पूर्वी पाचांतील एखादेच मूल वाचत असे, तेथे सुमारे निम्मी मुले वाचू लागली. या नोंदींनी आणखी एक धडा दिला. आपली मुले केवळ रोगाने दगावत नाहीत. काही जंतुसंसर्गाने जातात, आणि काहींना आईबाप पैसे, अंतर व शेताची कामे यांपायी अर्ध्यातून परत घेऊन जातात. रोगाचे भवितव्य पेशीत लिहिलेले असते हे खरे. पण त्याचा काही भाग एस.टी.च्या तिकिटावर आणि शिधापत्रिकेवरही लिहिलेला असतो.

आता हे शास्त्र आणखी सूक्ष्म झाले आहे. खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या टाटांच्या संशोधन केंद्रातील रक्तविकृती प्रयोगशाळेत डॉ. पी. जी. सुब्रमणियन, डॉ. प्रशांत टेंभरे, डॉ. निखिल पाटकर आदी संशोधक उपचारानंतर शरीरात उरलेल्या रोगट पेशींचा माग काढतात. सूक्ष्मदर्शकाला रक्त निर्मळ दिसत असतानाही दहा हजार पेशींत दडलेली एक रोगट पेशी लेसरच्या प्रकाशात मोजता येते. पहिल्या महिन्याअखेर हे प्रमाण त्याखाली गेले तर धोका कमी. न गेल्यास उपचार अधिक तीव्र करावयाचे. ज्या मुलाला सौम्य औषध पुरेल त्याला विनाकारण जहाल औषध देऊ नये, आणि ज्याला जहाल हवे त्याला सौम्यावर ठेवू नये, इतका या मोजणीचा सरळ अर्थ आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची आय.आय.टी. आणि टाटा रुग्णालय यांच्या संशोधनातून साकारलेल्या, रुग्णाच्याच पेशींना रोगाशी लढण्यास शिकविणाऱ्या उपचाराला देशात मान्यता मिळाली. परदेशातील किमतीच्या सुमारे एक दशांश खर्चात तो होऊ शकतो.

कच्चा दुवा

ही सारी प्रगती अभिमानास्पद आहे. परंतु साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या दुव्याइतकेच असते, आणि येथे तो दुवा खारघरला नसून आपल्या तालुक्यांत आहे. छत्रपती संभाजीनगरला २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. सोयगावच्या मुलासाठी दरवाजे पूर्वीपेक्षा जवळ आले. दार ठोठवावयाचे आहे हे मात्र वेळेवर कळले पाहिजे.

त्यासाठी जे हवे ते फार महागडे नाही. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला ताप, वाढता फिकटपणा, अकारण निळे डाग आणि हाडांचे दुखणे यांपैकी दोन गोष्टी एकत्र दिसल्या, तर रक्तातील पेशींची गणना व्हावी. सरकारी आरोग्यकेंद्रांत ती विनामूल्य होते. यंत्राने आकडे दिले तरी शंका येताच काचपट्टीवरील रक्त माणसाने स्वतः पाहावे. आणि निदान होईपर्यंत कोणीही स्टेरॉइड देऊ नये. हिवतापाचा कर्मचारी घरी येऊन बोटाला सुई टोचतो आणि रक्ताचा थेंब काचेवर घेतो, हे आपल्या खेड्यांना अनेक पिढ्या ठाऊक आहे. तीच काचपट्टी हिवतापाच्या जंतूंबरोबर बिघडलेल्या श्वेतपेशीही दाखवू शकते. फक्त तिच्याकडे त्या नजरेने पाहिले पाहिजे.

या पानाच्या वाचकांचेही येथे काम आहे. आठवड्यात तीनदा गैरहजर राहणारे, खेळाच्या तासाला भिंतीला टेकून बसणारे मूल आईबापांच्याही आधी शिक्षकाला दिसते. वर्षातून एकदा शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकापुढे त्याने ते मूल आवर्जून उभे करावे, आणि पथक येण्यास अवकाश असेल तर वाट पाहू नये. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी लागणारा एखादा दाखला आज मिळाला की आठ दिवसांनी, यावर रुग्णाची रवानगी अडते. कचेरीतील लिपिकाच्या टेबलावर तो कागद कोणाचा आहे, हे त्याने एकदा पाहावे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना तर हे ठाऊक असायला हवे की उपचाराच्या काळात अशा मुलांना वारंवार प्लेटलेट लागतात आणि त्या पाच-सात दिवसांहून अधिक टिकत नाहीत. म्हणून रक्तदान शिबिराचा उत्साह वर्षातील एका दिवसापुरता राहून चालत नाही.

मुंबईला गेलेल्या कुटुंबाची सोय व्हावी म्हणून दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कित्येक वर्षे दारे उघडी ठेवून उभी आहे. उपचार दोन-तीन वर्षे चालतात. तेवढा काळ शेजाऱ्यांनी त्या घरची गुरे सांभाळली, शेतात दोन पाळ्या घातल्या, तर मूल अर्ध्यातून परत येणार नाही. शास्त्राने आपला वाटा उचलला आहे. उरलेला वाटा सोयगावसारख्या तालुक्यांचा आहे, आणि त्याचा आरंभ एका काचपट्टीपासून व्हावयाचा आहे.